चीनचा रुसवा लोहखनिजावर का निघाला नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाने २०२० ते २०२४ या काळात चीनच्या व्यापारी दडपणाला कसे तोंड दिले, याविषयीचा आपला अग्रलेख वाचला. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या चुंबकांची निर्यात चीनने आवळल्यामुळे आपल्याकडे जी चर्चा सुरू आहे, तिच्या ओघात हा दाखला दिला गेला आहे. लहान राष्ट्र ठाम राहिले की मोठे राष्ट्र अखेर माघार घेते, असा निष्कर्ष अग्रलेखाने त्यातून काढला आहे. माझी पस्तीस वर्षे कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांवर गेली. ऑस्ट्रेलियाची आणि चीनची ही बंदरे मी भरल्या आणि रिकाम्या जहाजांवरून पाहिली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो, की अग्रलेखातील घटनांचा क्रम बहुतांशी बरोबर असला तरी निष्कर्ष मला पटलेला नाही. ऑस्ट्रेलिया तरला तो त्याच्या बाणेदारपणामुळे कमी आणि त्याच्या जमिनीखाली जे आहे त्यामुळे अधिक तरला. शिवाय जे तरले आणि ज्यांनी किंमत मोजली ते लोक एकच नव्हते.

घटना थोडक्यात अशा. १९ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री मारीस पेन यांनी कोविडच्या उगमाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी व्हावी अशी मागणी केली. आठवडाभरात चीनच्या कॅनबेरातील राजदूतांनी एका वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि ऑस्ट्रेलियाची वाइन का प्यावी, तिथले गोमांस का खावे, असा प्रश्न आता चिनी ग्राहक विचारू लागतील असे सुचवले. मे महिन्यात चार मोठ्या कत्तलखान्यांकडून होणारी मांसाची आयात थांबली आणि बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क बसले. पुढच्या काही महिन्यांत वाइन, कापूस, कोळसा, इमारती लाकूड आणि शेवंडे (लॉब्स्टर) एकामागून एक या यादीत आली. वाइनवरचे अंतिम शुल्क मार्च २०२१ मध्ये ठरले, ते ११६ टक्क्यांपासून २१८ टक्क्यांपर्यंत होते.

कोविडची चौकशी हे निमित्त होते. कुरबूर जुनी होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुवावे या चिनी कंपनीला पाचव्या पिढीच्या दूरसंचार जाळ्यातून बाहेर ठेवले. नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी दूतावासाने १४ तक्रारींची यादी ऑस्ट्रेलियन पत्रकारांच्या हाती दिली. त्यात हुवावे होते, चिनी गुंतवणुकीला मिळालेले नकार होते, दक्षिण चीन समुद्राविषयीची भूमिका होती, एवढेच नव्हे तर ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांचा प्रतिकूल सूरही होता. दुसऱ्या देशातील वृत्तपत्रांनी काय लिहावे याबद्दलची तक्रार त्या देशाच्या सरकारच्या नावावर मांडणे हे मुत्सद्देगिरीत बसत नाही, हे अग्रलेखाचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ऑस्ट्रेलियाने चिनी मालावर वर्षानुवर्षे शंभराहून अधिक डंपिंगविरोधी (म्हणजे माल मुद्दाम स्वस्तात ओतण्याविरुद्धच्या) व अनुदानविरोधी चौकशा चालवल्या, ही चीनची तक्रार अग्रलेखात आलेली नाही. ती आली असती तर चित्र थोडे कमी काळे-पांढरे झाले असते.

आता मुद्द्याकडे येतो. ज्या मालावर चीनचा रुसवा निघाला त्याची यादी समोर ठेवून प्रत्येक नावापुढे, हा माल चीनला दुसरीकडून मिळण्याजोगा होता का, एवढेच लिहून पाहावे. बार्ली फ्रान्स आणि कॅनडातून येऊ शकत होती. वाइनसाठी फ्रान्स आणि चिली होते. गोमांस अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतील देश द्यायला तयार होते. शेवंड ही चैनीची वस्तू असल्याने ती ताटात नसली म्हणून कोणाचे अडत नव्हते. कोळसा चीनकडे स्वतःचाच भरपूर होता, शिवाय इंडोनेशिया, रशिया आणि मंगोलिया शेजारी होते. यादीत नव्हते ते लोहखनिज. ऑस्ट्रेलियाच्या चीनशी असलेल्या व्यापारातील सर्वांत मोठी वस्तू तीच, आणि राग खरोखरच दाखवायचा असता तर सर्वांत मोठा घाव तिथेच बसला असता. परंतु चीन आयात करीत असलेल्या लोहखनिजापैकी सुमारे ६० टक्के एकट्या ऑस्ट्रेलियातून येत होते, आणि २०२० मध्ये चीनने शंभर कोटी टनांहून अधिक, म्हणजे जगाच्या निम्म्याहून अधिक पोलाद ओतले. त्या भट्ट्यांना पिलबाराशिवाय पर्याय नव्हता.

पिलबारा म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा तो तांबडा, ओसाड, रणरणता मुलूख. तिथल्या पोर्ट हेडलँड बंदरात भरती-ओहोटीतील फरक इतका मोठा असतो की खोल बुडालेली भरलेली जहाजे भरतीची वेळ साधून, लग्नाच्या वरातीसारखी एकामागून एक बाहेर काढावी लागतात. बंदर सोडून आठवडा उलटला तरी जहाजाच्या फाळक्यांवरची तांबडी धूळ धुऊन निघत नाही. तिथून चीनच्या किनाऱ्यावर पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात. दुसरा मोठा पुरवठादार ब्राझील, पण तिथून येणारे जहाज दीड महिना समुद्रात असते, आणि जानेवारी २०१९ मध्ये ब्रुमाजिन्यो येथील खाणीचा बंधारा फुटून २७० माणसे दगावल्यानंतर ब्राझीलचे उत्पादनही घटले होते. आफ्रिकेतील गिनीमध्ये सिमांडू येथे उत्तम दर्जाचे साठे आहेत, परंतु ते समुद्रापर्यंत आणायला सहाशे किलोमीटरहून लांब रेल्वे आणि नवे बंदर बांधणे भाग होते. २०२० साली ते सारे दूर होते.

आपल्या वाचकांपैकी गोव्याचे जे असतील त्यांना यातली मेख लगेच कळेल. मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जमागून बार्ज खनिज उतरत होते आणि मुरगावच्या समुद्रात आमची जहाजे ते भरून घेत होती, तो काळ मी पाहिला आहे. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात झाले आणि त्यातील फार मोठा भाग चीनला गेला. पण ते खनिज हलक्या प्रतीचे, बहुतेक ५८ टक्क्यांहून कमी लोहाचे. चिनी भट्टीवाला ते घेतो ते चांगल्या खनिजात मिसळायला, आणि तेही भाव चढे असतील तेव्हा. ज्याच्यावाचून चूल पेटत नाही असा माल वेगळा आणि स्वस्तात मिळाला तर घ्यावा असा माल वेगळा. पिलबाराचे खनिज पहिल्या जातीचे आहे, आमच्या गोव्याचे दुसऱ्या. गलवानच्या चकमकीनंतर चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा आपल्याकडे चालू असताना त्याच २०२० मध्ये भारतातून चीनला जाणारे लोहखनिज आदल्या वर्षाच्या तुलनेत कितीतरी वाढले होते, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवावेसे वाटते. भाव चढला होता, एवढेच त्याचे कारण.

आणि भाव खरोखर चढला. २०२० च्या सुरुवातीला टनाला ८०-९० डॉलरच्या घरात असलेले लोहखनिज मे २०२१ मध्ये २३० डॉलरच्या वर गेले. परिणाम असा झाला की दोन्ही देशांचे मंत्री एकमेकांचे फोन घेत नव्हते त्या काळात ऑस्ट्रेलियाची चीनला होणारी एकूण निर्यात घटण्याऐवजी वाढली. राजकीय भांडण ऐन भरात असताना चीन ऑस्ट्रेलियाला आधी कधी दिले नव्हते एवढे पैसे मोजत होता. या परिस्थितीत ठाम राहायला फारसे धैर्य लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला मी भित्रे म्हणत नाही. मात्र त्या धैर्याला लोहखनिजाची पाठराखण नसती तर ते किती टिकले असते हा प्रश्न अग्रलेखाने विचारायला हवा होता.

कोळशाची गोष्ट मला अधिक जवळची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनमधील वीजकेंद्रांना आणि पोलाद कारखान्यांना ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊ नका असे तोंडी सांगण्यात आले. तोपर्यंत कितीतरी जहाजे कोळसा भरून निघाली होती, काही तर चीनच्या बंदरांबाहेर नांगर टाकून आधीच उभी होती. त्यातील एक ‘जग आनंद’. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनीचे हे जहाज दीड लाख टनांहून अधिक ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन जून २०२० मध्ये जिंगतांग बंदराबाहेर पोहोचले. त्यावर २३ भारतीय होते. काओफेइदियान बंदराजवळ ‘अनास्तासिया’ नावाचे दुसरे एक जहाज सप्टेंबरपासून उभे होते, त्यावर आणखी १६ भारतीय. माल उतरवू देत नाहीत, आणि माल पोटात असताना जहाज तिथून हलवावे तर मालाचे खरेदीदार, विक्रेते, भाडेकरू आणि मालक यांच्या करारांचा गुंता आड येतो. करार संपलेल्या खलाशांना उतरवून नवी माणसे चढवावीत तर कोविडचे नियम सांगून त्यालाही नकार. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही. पण तो नियम लागू कोणी करायचा? जहाजाचे मालक एका देशाचे, माल दुसऱ्या देशाचा, बंदर तिसऱ्याचे, आणि भांडणात ज्या दोन सरकारांची नावे होती त्यांच्यापैकी एकाचाही नागरिक त्या जहाजावर नव्हता.

नांगरावर उभ्या जहाजातले सात महिने म्हणजे काय हे जमिनीवर राहणाऱ्याला सांगणे कठीण आहे. चालत्या जहाजात दिवसाला आकार असतो. पाळी बदलते, घड्याळ पुढे-मागे होते, पुढचे बंदर नकाशावर जवळ येत असते. नांगरावर यातले काही नसते. समोर किनारा दिसतो, रात्री त्यावरचे दिवे दिसतात, आणि तिथे पाय ठेवता येत नाही. उत्तर चीनच्या त्या भागात हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठू लागते. मी तिथे फार तर दहा दिवस थांबलो असेन, आणि तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मला आठवतात. नंतर आलेली काही जहाजे माल उतरवून निघूनही गेली, याकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये लक्ष वेधले होते. अखेर जानेवारी २०२१ मध्ये ‘जग आनंद’ कोळसा पोटात घेऊनच जपानच्या चिबा बंदराकडे निघाले आणि तिथे माणसे बदलली गेली. ‘अनास्तासिया’वरच्या लोकांची सुटका फेब्रुवारीत झाली. त्यांच्या हालांचा कोणत्याही शिखर परिषदेच्या निवेदनात उल्लेख झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

ऑस्ट्रेलियातही किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. कोषमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार लक्ष्य केलेल्या मालाची चीनला होणारी निर्यात वर्षभरात ५.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरने घटली आणि त्याच मालाची इतर देशांना होणारी निर्यात ४.४ अब्जांनी वाढली. म्हणजे एकूण खोट एक अब्जाची, देशाच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने किरकोळ. आपल्या अग्रलेखाचा भर याच स्वरूपाच्या बेरजेवर आहे. पण बेरजेत माणसे दिसत नाहीत. बार्ली सौदी अरेबियाला गेली, काही मेक्सिकोतील बिअरवाल्यांनी घेतली, शेतकऱ्याने पुढच्या हंगामात दुसरे पीक पेरले आणि निभावले. कोळसा भारत, जपान आणि दक्षिण कोरियाकडे वळला. वाइनचे तसे झाले नाही. चीनची बाजारपेठ वर्षाला एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून मोठी होती आणि ती जवळजवळ शून्यावर आली. त्या तोडीचे गिऱ्हाईक जगात दुसरे नव्हते. रिव्हरलँड आणि रिव्हरिना भागांतील लाल द्राक्षांचा भाव इतका कोसळला की बागाईतदारांनी लाखो वेली उपटून टाकल्या. नाशिक आणि सांगलीच्या वाचकांना वेल उपटणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पीक एका हंगामात बदलता येते, बाग बदलता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंड पकडणाऱ्यांची तर ९० टक्क्यांहून अधिक शेवंडे जिवंत अवस्थेत चीनला जात. आमच्या कोकणातल्या मच्छीमाराला मुंबईचा एकच व्यापारी असावा आणि त्याने एका सकाळी फोन उचलू नये, तसा तो प्रकार. त्याच वर्षांत लोहखनिजाच्या कंपन्या आपल्या भागधारकांना विक्रमी लाभांश वाटत होत्या. ठाम राहण्याचा निर्णय कॅनबेरात झाला, त्याचा नफा पर्थच्या उंच इमारतींत जमा झाला आणि तोटा द्राक्षाच्या मळ्यात उरला.

यात मित्रराष्ट्रांची वागणूकही पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या पाठीशी आम्ही आहोत असे वॉशिंग्टनमधून सांगितले जात होते, आणि चीनच्या बाजारातील ऑस्ट्रेलियाची रिकामी जागा भरून काढणाऱ्यांत अमेरिकेचे गोमांस आणि कोळसा विकणारे पुढे होते. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही, तो संधी सोडणार नाहीच. आपणही सोडली नाही. चीनने ऑस्ट्रेलियाचा कोकिंग कोळसा, म्हणजे पोलादाच्या भट्टीला लागणारा कोळसा, नाकारल्यामुळे २०२० च्या अखेरीस त्याचा भाव टनाला सुमारे १०० डॉलरपर्यंत उतरला होता, तर चीनच्या बंदरांत तशाच कोळशाला दोनशेच्या पुढे मोजावे लागत होते. आपल्या पोलाद उद्योगाची कोकिंग कोळशाची गरज मुख्यतः ऑस्ट्रेलियाच भागवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या भांडणातून आपल्याला सूट मिळाली. पुढे चीनच्या बंदरांतील गोदामांत महिनोन्महिने पडून असलेला ऑस्ट्रेलियन कोळसाही भारतीय व्यापाऱ्यांनी सवलतीने उचलला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार अमलात आला, तेव्हा त्या कोळशावरचे शुल्क गेले आणि ठरावीक किमतीच्या वरच्या वाइनवरचे १५० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले. चीनने दार लावले नसते तर ऑस्ट्रेलियाला आमच्या दाराशी एवढ्या लगबगीने येण्याची गरज किती वाटली असती, असे मला कधी कधी वाटते.

ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट मात्र मलेशियाची आहे. अग्रलेखात भारताची जागा सतत लहान, दबलेल्या बाजूला धरली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरविषयी भारतावर कठोर टीका केली आणि पुढे नागरिकत्व कायद्यावरही ते बोलले. ऑक्टोबरमध्ये मुंबईतील सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन या खाद्यतेल उद्योगाच्या संघटनेने आपल्या सदस्यांना मलेशियाचे पामतेल तूर्त घेऊ नका असा सल्ला दिला. ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. अधिसूचनेत मलेशियाचे नाव नव्हते. हा निर्णय कोणत्याही एका देशाविरुद्ध नाही असेच आपल्या मंत्र्यांनी सांगितले. पण इंडोनेशिया आपल्याला मुख्यतः कच्चे तेल देतो आणि शुद्ध तेलात मलेशियाचा वाटा मोठा, त्यामुळे घाव कुठे बसणार हे तेलाच्या बाजारातल्या कोणालाही विचारण्याची गरज नव्हती. २०१९ मध्ये भारताने मलेशियाकडून ४४ लाख टन पामतेल घेतले होते आणि त्या वर्षी आपणच त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होतो. प्रत्युत्तराची कारवाई करण्याएवढे आम्ही मोठे नाही, असे महाथीर यांनी उघडपणे मान्य केले. मलेशियाने त्याच सुमारास भारताकडून अधिक साखर घ्यायला सुरुवात केली, ती आपल्या साखर कारखानदारीच्या पथ्यावर पडली. फेब्रुवारीत महाथीर पायउतार झाले, मार्चमध्ये नवे सरकार आले आणि मे महिन्यात भारतीय खरेदी पुन्हा सुरू झाली.

म्हणजे चीनने ऑस्ट्रेलियाला चौकशीची मागणी केल्याबद्दल अद्दल घडवायला सुरुवात केली त्याच्या चार महिने आधी आपण जवळपास त्याच पद्धतीने एका लहान देशाला अद्दल घडवली होती. नाव न घेता, कारण न सांगता, आरोग्याचा किंवा देशी उद्योगाचा कागद पुढे करून. काश्मीरविषयीच्या महाथीर यांच्या विधानांचे मी समर्थन करीत नाही. पण चीनने केले तर ती दादागिरी आणि आपण केले तर तो स्वाभिमान, असा हिशोब मला लावता येत नाही. दोन्ही प्रसंगांत गिऱ्हाईकाने आपल्याला ज्याच्यावाचून चालेल तोच माल निवडला, हेही लक्षात घ्यावे. इंडोनेशियाचे तेल हाताशी नसते तर लग्नसराईच्या तोंडावर पामतेल अडवण्याचे धाडस आपल्या सरकारने केले नसते, कारण फरसाणवाल्याच्या कढईपासून बिस्किटाच्या कारखान्यापर्यंत सगळे त्यावर चालते.

आता चीनच्या तथाकथित माघारीविषयी. मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सत्तांतर झाले. नवे पंतप्रधान अँथनी अल्बानीज आणि परराष्ट्रमंत्री पेनी वाँग यांनी धोरण फारसे बदलले नाही, भाषा बदलली. हुवावेवरची बंदी राहिली, अमेरिका आणि ब्रिटनबरोबरचा ऑकस हा पाणबुड्यांचा करारही राहिला. १४ तक्रारींपैकी कोणतीही मोठी तक्रार त्यांनी दूर केली नाही. एवढ्यापुरते अग्रलेखाचे म्हणणे खरे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बाली येथे अल्बानीज आणि शी जिनपिंग भेटले आणि त्यानंतर दारे एकेक करून उघडू लागली. पण ती उघडली कशी ते पाहावे. बार्लीचा वाद जागतिक व्यापार संघटनेत होता आणि निकाल अपेक्षित होता. तो लागण्याआधी एप्रिल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने खटला स्थगित केला, चीनने शुल्काचा फेरविचार करण्याचे मान्य केले आणि ऑगस्टमध्ये शुल्क काढले. वाइनच्या बाबतीत हाच मार्ग वापरला गेला आणि मार्च २०२४ च्या अखेरीस तेही शुल्क गेले. दोन्ही पक्षांची अब्रू राहिली. मात्र चीनने नियम मोडला की नाही याचा जो लेखी निकाल पुढच्या एखाद्या लहान देशाला हाताशी धरता आला असता, तो जगासमोर आलाच नाही. खटला मागे घेण्यात ऑस्ट्रेलियाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, बागाईतदाराला निकालपत्र विकता येत नाही. पण याला चीनची माघार म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

मधल्या काळात चीनही स्वस्थ बसलेला नाही. २०२२ मध्ये त्याने चायना मिनरल रिसोर्सेस ग्रुप ही सरकारी कंपनी काढली, ती अनेक पोलाद कारखान्यांच्या वतीने एकत्रितपणे लोहखनिज खरेदी करण्यासाठी. सिमांडूच्या प्रकल्पातही चिनी कंपन्यांचा मोठा पैसा आहे. ज्या एका वस्तूने ऑस्ट्रेलियाला तारले तिला पर्याय उभा करण्याचे काम भांडण चालू असतानाच सुरू झाले होते.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा दाखलाही याच मोजपट्टीने पाहावा लागेल. इथे मोठे राष्ट्र खरेदीदार नसून विक्रेता आहे. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मच्छीमारी नौकेची जपानी तटरक्षक नौकांशी टक्कर झाली आणि त्यानंतर जपानला होणारा या मूलद्रव्यांचा पुरवठा अडला. जपानने त्यावर निषेधाची पत्रके काढण्यापेक्षा दुसरे काम केले. सरकारी महामंडळ आणि एक व्यापारी कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा घातला आणि माउंट वेल्डच्या खाणीतील माल मलेशियात शुद्ध करून जपानला मिळेल अशी व्यवस्था उभी केली. त्याला वर्षे लागली, ती कंपनी मध्यंतरी बुडायच्या बेतात आली, तरीही जपानने हात काढला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्बंध आणले तेव्हा पुण्यातील वाहन उद्योगाला काही आठवड्यांत चुंबकांची टंचाई जाणवू लागली आणि बजाज ऑटोने विजेच्या दुचाकींचे उत्पादन थांबण्याची शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली. केरळपासून ओडिशापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे खनिज आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण वाळू आणि चुंबक यांच्यामध्ये जे कारखाने लागतात ते २०१० नंतरच्या पंधरा वर्षांत आपण पुरेसे उभारले नाहीत. ठाम राहण्याचा सल्ला देणाऱ्या अग्रलेखात या पंधरा वर्षांवर एखादा परिच्छेद असता तर तो मला अधिक उपयोगी वाटला असता.

शेवटी तपशिलाच्या दोन दुरुस्त्या. शेवंडांवर चीनने ‘जबर शुल्क’ लावले असे अग्रलेखात म्हटले आहे. शुल्क लावले नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये जड धातूंची तपासणी करायची आहे असे सांगून जिवंत शेवंडे शांघायच्या विमानतळावर अडकवून ठेवली गेली, आणि जिवंत माल अडकवला की शुल्काची गरज उरत नाही. तो व्यापार डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसरे, कोळशावरील बंदी जानेवारी २०२३ मध्ये ‘आदेश काढून उठवली’ असे आपण लिहिले आहे. बंदीचा आदेशच प्रसिद्ध झाला नव्हता. जानेवारीत चार सरकारी कंपन्यांना आता घ्यायला हरकत नाही असे कळवण्यात आले आणि काही आठवड्यांत ऑस्ट्रेलियाचा कोळसा भरलेली पहिली जहाजे चीनच्या बंदरांत लागली.

आपला,
एक निवृत्त जहाज-अधिकारी,
रत्नागिरी